पाळीच्या फाईलीला दोन कुलपं

बाळासाहेबांना बटण दिसलं की दाबल्यावाचून राहवत नसे. ही खोड जुनी. शोरूममध्ये गेले की आधी हॉर्न वाजवून बघणार, कुणाकडे नवा मिक्सर आला की रिकामाच फिरवून बघणार, आणि जावयाच्या गाडीत बसले की मंचर येईपर्यंत काच खाली, काच वर. घरच्यांनी या बाबतीत केव्हाच हात टेकले होते. पण अवसरी बुद्रुकच्या शिवारातल्या एका छोट्या पाणी संस्थेचे ते चेअरमन होते. संस्थेत कॉम्प्युटर आला आणि दोन आळ्यांचं पाणी या खोडीच्या तावडीत सापडलं.

संस्था म्हणजे तरी काय, नदीवर एक मोठी मोटार, तिथून वर आलेली पाइपलाइन आणि तिच्यावर जगणारी वरच्या आळीची अन् खालच्या आळीची शेतं. पाणी सगळ्यांना एकदम पुरत नाही, म्हणून पाळ्या. कुणी कधी दारं धरायची, म्हणजे पाणी आपल्या वाफ्यांत वळवायचं, हे ठरलेलं. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे पाळ्याही दिवसाच्या आणि रात्रीच्या. उसात बिबट्या असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून संस्थेचा एक नियम होता: ज्या घरात बाई एकटी, त्या घराला रात्रीची पाळी द्यायची नाही.

दुसरा नियम पंपहाऊसच्या लोखंडी दारावर लटकत असे. त्या दाराला दोन कुलपं होती. फार पूर्वी पाण्यावरून दोन्ही आळ्यांत डोकी फुटली, तेव्हा मोठ्या माणसांनी ही तोड काढली होती. एक कुलूप वरच्या आळीचं, त्याची किल्ली बाळासाहेबांच्या जुडग्यात. दुसरं खालच्या आळीचं, त्याची किल्ली गोजरबाईकडे. पाण्याचा नवा फेरा सुरू व्हायचा त्या सकाळी दोघंही तिथे जात, दोन्ही कुलपं निघत, मग मोटार चालू होई. गोजरबाईचा नवरा ही किल्ली सांभाळायचा. तो वारला, बाई घरात एकटी उरली, तेव्हा खालच्या आळीने किल्ली परत मागितली नाही आणि ती बाईच्या कमरेला राहिली. पदराआड लपवलेली नव्हे, चांगली दिसेल अशी.

तर झालं असं. बाळासाहेबांना पाळ्यांच्या यादीत आपल्या मेव्हण्याचं नाव चटकन सापडेना. नावं अक्षरवार लावली तर सोपं जाईल, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी नावांचा तेवढा रकाना धरला आणि वरच्या पट्टीतलं एक बटण दाबलं. मध्येच कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाळासाहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता होकार दिला. नावं अक्षरवार लागली आणि पाळीच्या वेळा मात्र जागच्या जागी राहिल्या. म्हणजे एकाचं नाव आणि दुसऱ्याची वेळ. मेव्हणा सापडला, बाळासाहेब खूश झाले आणि यादी छापून ऑफिसच्या दारावर लागली.

आता हाताने लिहिलेल्या कागदाशी माणूस भांडतो. छापलेल्याशी कोण भांडणार? ज्याला जी वेळ मिळाली ती त्याने निमूट घेतली. गोजरबाईनेही घेतली. रात्रीची होती. नियम बदलला असेल म्हणाली, बॅटरी घेतली आणि एकटी निघाली. तिच्या शेताच्या तोंडाशी शेजाऱ्याचा ऊस आहे. तिथे बांधावर बिबट्या बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. बॅटरी हातात होती, पण हात उचलेना. मग तो उठला आणि सावकाश उसात गेला. ती घरी कशी आली हे तिला आजही सांगता येत नाही.

सकाळी ती ऑफिसात आली आणि दारावरची यादी काढून तिने टेबलावर ठेवली.

"भावजी, ह्ये कुनी केलं?"

"वहिनी, कॉम्प्युटरची चूक झालीया," बाळासाहेब म्हणाले.

"कॉम्प्युटरची नाही, आण्णा," कोपऱ्यातून आवाज आला. तो उज्ज्वलाचा होता. संस्थेचं लिखापढीचं काम ती बघायची. आळेफाट्याची मुलगी, लग्न होऊन इथे आलेली. तिने स्क्रीन वळवली आणि नावं कशी सरकली ते दाखवलं. ती कुणाचं नाव घेत नव्हती, पण ऑफिसात बटणं दाबणारा माणूस एकच होता.

बाळासाहेबांचा चेहरा उतरला. "माजंच काम ते," ते म्हणाले. "चुकलं, वहिनी."

"चुकलं म्हनून मी काय करू?" गोजरबाई आवाज न चढवता म्हणाली. "ज्याला येता-जाता कुनी बी हात लावतंय, त्याच्यावर माजा जीव टांगू व्हय? म्होरल्या फेऱ्याला माजी किल्ली न्हाई यायची. काय करायचं ते करा."

आणि ती गेली. किल्ली नाही म्हणजे मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणजे कुणालाच पाणी नाही. नुकत्याच लावलेल्या कांद्याच्या रोपांनी माना टाकायला सुरुवात केली होती. पुढचा फेरा सोमवारी होता. कुलूप तोडावं असं कुणी तोंडातूनसुद्धा काढलं नाही. ते कुलूप तुटलं तर पुन्हा डोकी फुटायला वेळ लागला नसता, आणि शिवाय म्हातारी खरं बोलत होती. बाळासाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उज्ज्वला लग्नाआधी आळेफाट्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात काम करायची. हायवेचं दुकान, दिवसभर ट्रकवाल्यांची ये-जा. तिथेही जो तो कॉम्प्युटरला हात लावायचा, आणि तिने कष्टाने बनवलेल्या फाईलीची रोज वाट लागायची. भांडून काही होईना, तेव्हा ती व्हिडिओ बघून बघून एक विद्या शिकली होती. ती तिने आता बाहेर काढली.

"आण्णा, मॅक्रो करते," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"आपण हाताने जे करतो ते एकदाच लिहून ठेवायचं. मग फाईल उघडली की ते आपोआप होतं."

"आनि काय व्हनार आपोआप?"

"तुमची बटणं जाणार."

बाळासाहेबांना वाटलं पोरगी थट्टा करते आहे. तिने सरकलेली नावं पुन्हा आपापल्या वेळेपुढे लावली आणि शनिवारी त्यांना खुर्ची ओढून शेजारी बसवलं. संस्थेचा कॉम्प्युटर कुणाच्या तरी ऑफिसातून जुन्यात घेतलेला, एक्सेलही जुन्या वळणाचं. वर मेनूची ओळ, तिच्याखाली बारक्या बारक्या चित्रांच्या पट्ट्या, त्यातल्या कितीतरी बाळासाहेबांच्याच हौसेने उघडलेल्या. उज्ज्वलाने फाईल उघडली.

मेनूची ओळ गेली. मग वरची पट्टी गेली, तिच्याखालची गेली, चित्रं गेली, रकान्यांच्या डोक्यावरची अक्षरं गेली, बाजूचे आकडे गेले, चौकटींच्या रेघासुद्धा गेल्या. नजर ठरायच्या आत सगळं पुसलं गेलं आणि स्क्रीन नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी मोकळी झाली. मधोमध संस्थेचं नाव उरलं, खाली नावं निवडायची एक चौकट आणि तीन मोठाली बटणं: पाळी दाखवा, छापा, बंद करा.

बाळासाहेब आ वासून बघत राहिले. त्यांनी स्क्रीनच्या मागे वाकून पाहिलं. तिथे वायरी होत्या आणि एक पाल होती.

"गेलं कुठं समदं?"

"कुठेच नाही. जिथल्या तिथे आहे. फक्त आपल्याला दिसत नाही."

इतकी वर्षं ते त्या पट्ट्यांकडे बघत आले होते, पण यंत्र म्हणजे बटणं असंच त्यांच्या मनात होतं. बटणं काढून घेतल्यावर मागे काही उरतं, आणि जे उरतं ते जास्त सुंदर दिसतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी चौकटीतून गोजरबाईचं नाव निवडलं आणि पहिलं बटण दाबलं. समोर तिची पाळी आली, आणि शेजारी पिवळाधमक सूर्य.

"ह्ये सूर्व्याचं कशाला?"

"गोजर आत्याबाईंना नाव आणि आकडे वाचता येतात. दिवसाची पाळी असली की सूर्य येतो, रात्रीची असली की चंद्र. आणि त्यांच्या नावापुढे चंद्र येऊच शकत नाही. आणायचा म्हटला तरी येणार नाही."

बाळासाहेब त्या सूर्याकडे बघत बसले. त्यांना एकदम भरून आलं. ते लपवायला त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं, आणि मग जरा वेळाने, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पन माज्यासाठी एक पट्टी ठिवशील ना? चेअरमन म्हनून?"

"नाही, आण्णा."

"बारकीशी?"

"नाही."

ती घरी गेल्यावर बाळासाहेबांनी एकटं बसून तो खेळ पुन्हा पुन्हा पाहिला. मग दिवेलागणीला ऑफिस बंद करायची वेळ झाली आणि त्यांनी नेहमी करत तेच केलं. मोटार बंद करायची तर काय करतो माणूस? भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढतो. इतकी वर्षं ते कॉम्प्युटरही तसाच बंद करत आले होते. टेबलावरची बारकी बटणं बारक्या कामाला. बंद म्हणजे भिंतीवरचा खटका. तो त्यांनी ओढला आणि घरी गेले.

रविवारी सकाळी पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या ती यादी छापायची होती. बाळासाहेबांनी ती उघडली. मेनू नाही. पट्ट्या नाहीत. त्यांनी दुधाच्या आकड्यांची फाईल उघडली, तिच्यावरही काही नाही. संस्थेच्या सभेचा कागद, शाळेने ठेवायला दिलेली मुलांची हजेरी, ज्या ज्या फाईलीला हात लावावा ती ती बोडकी. आणि या फाईलींवर उज्ज्वलाची ती मोठाली बटणंही नव्हती, त्यामुळे छापायचं कसं, हे सुचेना. कालचं अंगण आज त्यांना भकास वाटायला लागलं.

"पोरी, समदा कॉम्प्युटर बांधून ठिवलास तू!" ते फोनवर ओरडले. "लग्नाच्या पत्रिका आता काय तोंडी सांगत फिरू?"

उज्ज्वला धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. उद्या फेरा, आज दुपारी बैठक, गोजरबाईला बोलावलेलं, आणि आपल्या हातून असं व्हावं. तिने एकदोन फाईली उघडून पाहिल्या, मग तिने हात थांबवला.

"आण्णा, काल फाईल बंद कशी केलीत?"

"केली की."

"तिसरं बटण दाबलं?"

"कशाला? त्यो खटका वढला." त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

उज्ज्वला मटकन खुर्चीत बसली. मग ती हसायलाच लागली, आणि बाळासाहेबांना समजेना की रागवावं की काय करावं.

"मी मेनू काढायचं लिहिलं, आणि जाताना परत ठेवायचंही लिहिलं होतं," ती म्हणाली. "पण ते फाईल नीट बंद केली तरच होतं. तुम्ही खटका ओढलात, तिला परत ठेवायला वेळच मिळाला नाही. आळेफाट्याला इन्व्हर्टर होता, आणि बंद करायचे ते मीच. इथे लाइट कधीही जाते आणि माणसं भिंतीवरून बंद करतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक तुमची नाही, माझी आहे."

चूक तुमची नाही, असं त्या आठवड्यात बाळासाहेबांना पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. त्यांनी स्वतः चहा सांगितला.

मग ती कामाला लागली आणि ते बघत बसले. तिने आधी सगळ्या पट्ट्या परत आणल्या. मग मॅक्रो नव्याने लिहिला. पाळीची फाईल समोर असेल तेवढ्यापुरतेच मेनू जातील. दुसऱ्या फाईलीवर गेलं की लगेच परत येतील. "दुसऱ्याच्या शेतात गेलो की आपलं कुंपण संपलं पाहिजे," ती पुटपुटली. आणि मध्येच लाइट गेली तरी पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू झाल्यावर सगळं आधी होतं तसं मांडून मगच पुढे जायचं, असंही तिने लिहिलं. स्क्रीनवर रंगीत अक्षरांच्या ओळी उतरत होत्या. बाळासाहेबांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण शेतात नांगरामागे सरळ तास पडताना जसं बघत राहावंसं वाटतं, तसं त्यांना वाटत होतं. इतक्या बारीक ओळी, आणि त्यांच्यात उसाकडेचा एक बांध, एक म्हातारी, एक बिबट्या, सगळं धरून ठेवायची ताकद.

"ओढा खटका," ती अचानक म्हणाली.

"आं?"

"ओढा, आण्णा. फाईल उघडी आहे. बघू काय होतं."

बाळासाहेबांना आयुष्यात कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी खटका ओढला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पत्रिकेची यादी उघडली: मेनू जागेवर. पाळीची फाईल उघडली: अंगण मोकळं. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. ती दमली तरी ते ओढतच होते, शेवटी तिनेच त्यांचा हात धरला.

दुपारी बैठकीला ऑफिस भरलं. दोन्ही आळ्यांची माणसं होती, खुर्च्या पुरेनात म्हणून बरीचशी भिंतीला टेकून उभी. गोजरबाई आली आणि दारातल्या खुर्चीवर बसली. किल्ली कमरेला होती. उज्ज्वलाने फाईल उघडली आणि मेनू जाताना बघून सगळ्या खोलीचा श्वास एकदम आत गेला. कुणीतरी "आयला" म्हणालं आणि बायकांकडे बघून गप्प झालं.

"दिसायला ब्येस हाय," खालच्या आळीचे धर्माजी म्हणाले. "पन टिकंल का?"

"मोडून बघा की," उज्ज्वला म्हणाली.

"मोडायला चेअरमनसारका मानूस न्हाई," धर्माजी म्हणाले, आणि सगळे हसले.

बाळासाहेब उठले. हसण्याचा राग त्यांना आला नाही. आपल्याला जे उत्तम येतं ते आज पहिल्यांदाच उपयोगी पडणार आहे, अशा उमेदीने ते खुर्चीत बसले. त्यांनी माउसचं उजवं बटण दाबलं, काही आलं नाही. की-बोर्डच्या वरच्या ओळीतल्या सगळ्या कळा एकेक करून दाबल्या. नावं खोडायला गेले, खोडता येईनात. ओळ धरून ओढायला गेले, धरता येईना. दोन कळा एकदम, तीन एकदम, तळव्याने अख्खी रांग एकदम. माणसं पुढे वाकून बघत होती. यंत्राने एकदाही इंग्रजीत प्रश्न विचारला नाही. तीन बटणं जागची हलली नाहीत. बाळासाहेबांनी हात वर केले आणि मनापासून म्हणाले, "हारलो, बाबा."

मग उज्ज्वला गोजरबाईकडे वळली. "आत्याबाई, तुम्ही या."

"मी? नगं बया. माज्या हातानं काय बिघडलं तर?"

"आत्ताच बघितलं ना? बिघडतच नाही. आता कुठेही हात लावा."

गोजरबाईने पदराला हात पुसले. तिने कधी या टेबलाजवळ पाऊल टाकलं नव्हतं. ती पुढे आली, उज्ज्वलाने चौकटीत तिचं नाव निवडून दिलं, जे दाबायचं त्यापासून बोट जरा लांब धरून ती उभी राहिली, मग दाबलं. तिचं नाव आलं, पाळी आली आणि सूर्य आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा आला. म्हातारीच्या तोंडावर जे उमटलं ते बघून उज्ज्वलाने नजर दुसरीकडे वळवली. जुनी बटणं आपण लोकांना बाहेर ठेवायला काढून टाकली असं तिला वाटत होतं. खरं तर ती काढल्यामुळेच ही बाई आत आली होती.

बाळासाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण गोजरबाई अजून किल्लीला हात लावत नव्हती.

"पोरी, तू काडलेलं समदं परत आनता येतं का?"

"येतं."

"कुनाला?"

"मला. माझ्याकडे त्याचा पासवर्ड आहे. चावीच समजा."

"मंग फरक काय झाला?" गोजरबाई शांतपणे म्हणाली. "आदी भावजींवर इस्वास ठिवायचा व्हता, आता तुज्यावर. तू गुनाची हायेस, म्या न्हाई म्हनत न्हाई. पन उद्या तुज्या जागी दुसरं कुनी आलं तर? सूर्व्याचा चंद्र कराया येळ लागतो व्हय?"

कुणीतरी म्हणालं, मग चेअरमनकडे द्या चावी. कुणीतरी म्हणालं, मग तर झालंच. बाळासाहेबांनी आपल्या कमरेचा जुडगा चाचपला. ऑफिसची, कपाटाची, स्टार्टरच्या पेटीची, पंपहाऊसची. शनिवारपासून त्यांच्या मनात ही कॉम्प्युटरची किल्ली घर करून होती. चेअरमनला मिळायला काय हरकत होती? त्यांनी जुडगा चाचपला, पंपहाऊसची किल्ली बोटांना लागली आणि ते तिथेच अडकले.

"पोरी," ते म्हणाले, "तुज्या त्या पासवर्डाला दोन कुलपं बसत्यात का?"

उज्ज्वलाने त्यांच्याकडे पाहिलं. ती हळूहळू उभी राहिली.

"बसतील," ती म्हणाली. "अर्धा एकाने टाकायचा, अर्धा दुसऱ्याने. एकमेकांचा बघायचा नाही. मग दोघं असले तरच उघडेल."

"पंपहाऊसावानी."

"हो. पंपहाऊससारखंच."

धर्माजींनी मान डोलावली. आता खोलीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. उज्ज्वलाने पासवर्डाची खिडकी उघडली आणि बाळासाहेब खुर्चीत बसले. कुणी काही सांगायच्या आत गोजरबाईने स्क्रीनकडे पाठ केली.

"मला तुमचं बगायचं न्हाई, भावजी."

तिने पाठ केली म्हणून धर्माजींनी केली, आणि मग सगळ्यांनीच. बाळासाहेबांनी आपला अर्धा टाकला आणि उठले. आता गोजरबाई बसली. आकडे तिला फोनमुळे ओळखीचे होते. बाळासाहेबही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सगळं ऑफिस भिंतीकडे तोंड करून उभं, दोन्ही आळ्या, टोपीवाले, फेटेवाले, मोबाइलवाले, सगळे, आणि मागे एका बोटाचा हळू टक टक आवाज. आयुष्यभर ज्याला प्रत्येक बटण दाबायचं होतं त्या माणसाला त्या वेळी एकाही बटणाचं नाव जाणून घ्यावंसं वाटलं नाही. नीट रंगवलेल्या त्या भिंतीवर त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, आणि देवळात उभं असल्यासारखी त्यांची छाती भरून आली होती.

"परत एकदा टाकायचा असतो," उज्ज्वला भिंतीकडेच बघत म्हणाली. "खात्री करायला."

पुन्हा बाळासाहेब बसले, पुन्हा गोजरबाई. मग उज्ज्वला वळली आणि तिने बघितलं. "जुळत नाही."

"माजं बराबर व्हतं," गोजरबाई लगेच म्हणाली.

सगळी खोली बाळासाहेबांकडे वळली. "बोट घसरलं वाटतं," ते म्हणाले, आणि कुणी हसू आवरलं नाही. सगळे पुन्हा भिंतीकडे वळले. या वेळी जुळलं. उज्ज्वलाने फाईल साठवली आणि सांगितलं की आता ती बंद करून पुन्हा उघडली की कुलूप पक्कं होईल. बाळासाहेबांचा हात सवयीने भिंतीवरच्या खटक्याकडे गेला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि खाली येऊन त्याने तिसरं बटण दाबलं.

फाईल पुन्हा उघडली. मोकळं अंगण, तीन बटणं.

"आता तू उगडून दाव," गोजरबाई उज्ज्वलाला म्हणाली.

उज्ज्वला बसली. आपणच लिहिलेल्या त्या रंगीत ओळींपर्यंत जायला तिने हात घातला. कॉम्प्युटरने पासवर्ड विचारला. तिने आपला जुना टाकला. नाही म्हणाला. दुसरा काहीतरी टाकला. नाही म्हणाला. तिने हात मांडीवर ठेवले.

"तुलाबी न्हाई येत?"

"नाही, आत्याबाई. आता मलाही नाही येत."

बाळासाहेब तिच्याकडे बघत राहिले. एवढीशी पोर, दोन दिवस मान मोडून हे उभं केलं, त्यातली ओळ न् ओळ तिची, आणि आपल्याच हाताने स्वतःला बाहेर ठेवून ती मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. हलकं वाटलेलं दिसत होतं. इतकी वर्षं किल्ल्यांचा जुडगा मिरवून आपण चेअरमन आहोत असं त्यांना वाटत होतं. किल्ली सोडून देण्यात एवढं मोठेपण असतं, हे त्यांना आज या मुलीकडे बघून कळलं.

गोजरबाईने उज्ज्वलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कमरेची किल्ली काढून मुठीत घेतली आणि दाराकडे निघाली.

"चला भावजी," ती म्हणाली. "सकाळची वाट कशाला बगायची? कुलपं आत्ताच काडून ठिवू. उद्याची पयली पाळी माजी हाय, अन् सूर्व्या निगाला की मी बांधावर असनार."